पायाला भिंगरी

पहाटे साडेपाचच्या सुमारास घरात पहिला आवाज होतो तो नखांचा. भिंगरी आधी पुढचे दोन पाय टेकते, छाती उचलते आणि थांबते. मागचा अर्धा देह अजून गोधडीवरच असतो. ते थांबणं मी मोजते. एक, दोन, तीन... मनातल्या मनात, डोळे मिटून, कारण मी जागी आहे हे कळलं की ती घाईने उठायला बघते आणि घाईत तिचा डावा पाय सटकतो. चार, पाच. मग कंबर किंचित एका बाजूला कलते, उजवा पाय पोटाखाली येतो, डावा त्याच्यामागून ओढल्यासारखा येतो आणि ती उभी राहते. उभी राहिली की शेपूट एकदा हलवते. कोणासाठी, कुणास ठाऊक. खोलीत मिट्ट अंधार असतो.

तो आकडा मी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयच्या चौकोनात लिहिते. त्या चौकोनात आधीच गर्दी असते: तिथी, आईने पेन्सिलीने लिहिलेलं दुधाचं माप, कधी सिलिंडर लावल्याची खूण. खालच्या कोपऱ्यात माझा आकडा. बऱ्या दिवशी तीन किंवा चार. डिसेंबरात, पुण्याची थंडी हाडांत शिरते तेव्हा, सात-आठ. एकदा अकरा झाले होते. पाहुण्यांना वाटतं, हाही दुधाचाच काहीतरी हिशेब.

भिंगरीला येत्या श्रावणात तीन वर्षं पूर्ण होतील.

नाव आईने ठेवलं. पन्नास दिवसांचं ते पिवळसर गाठोडं घरात आलं, बैठकीच्या मधोमध स्वतःच्याच शेपटीमागे गरगर फिरलं आणि भोवळ येऊन पडलं. आई म्हणाली, "हिच्या पायाला भिंगरीच आहे गं." तेच नाव पडलं. पुढे जे झालं त्यानंतर नाव बदलावं असं एक-दोनदा मनात आलं. पण हाक कानात मुरलेली असते, आणि तिला बिचारीला त्यातला विरोध कुठे ठाऊक?

ती आठ महिन्यांची असताना मैदानावर मागचे दोन्ही पाय एकदम उचलून धावायला लागली, सशासारखी. आम्ही हसलो. मुलाने त्याचा व्हिडिओ काढला. तो अजून माझ्या फोनमध्ये आहे आणि मी तो उघडत नाही. बसताना एक पाय बाजूला टाकून बसायची, अगदी आई पाटावर बसते तशी. फिरायला नेलं की परतीच्या वाटेवर गुलमोहराखाली फतकल मारायची. मी तिला आळशी म्हणाले. लाडावलीय म्हणाले. एकदा पट्टा ओढलासुद्धा.

ती कण्हली नाही, हे माझं त्या वेळचं समर्थन होतं. दारात शेपूट चिमटली तर ही सगळी इमारत डोक्यावर घेते, मग पाय दुखत असता तर ओरडली नसती का? आता कळतं की ओरडतं ते अचानक आलेलं दुखणं. जे रोजचं होऊन बसतं त्याला आवाज नसतो. ते दिसतं ते न केलेल्या गोष्टींत: सोफ्यावर उडी मारायची ती मारत नाही, पायरीपाशी क्षणभर विचार करते, बेल वाजली की धावायची ती आता मान उचलते फक्त. जे घडत नाही ते बघायची डोळ्यांना सवय नसते.

क्ष-किरण चित्र काढायला तिला गुंगीचं औषध दिलं, उताणं झोपवलं आणि मागचे पाय सरळ ताणून धरले. त्याआधी डॉक्टरबाईंनी तिची मांडी हातात धरून एका विशिष्ट कोनात वर दाबली आणि हळूच बाहेर नेली, आणि माझा हात तिच्या खुब्यावर ठेवायला लावला. आत काहीतरी टक्कन जागेवर बसलं. ही तपासणी मुळात माणसांच्या बाळांसाठीची. ऑर्तोलानी नावाच्या इटालियन बालरोगतज्ज्ञाने १९३०च्या दशकात ती मांडली आणि पुढे पशुवैद्यांनी उचलली. पण मला त्या क्षणी यातलं काही ऐकू येत नव्हतं. जे आधीच जागेवर असायला हवं होतं, ते जागेवर बसल्याचा धक्का बोटांना जाणवला होता.

शाळेत आपण शिकलो होतो: खुब्याचा सांधा म्हणजे उखळीचा सांधा. मांडीच्या हाडाचा गोल माथा कमरेच्या उखळीत घट्ट बसतो आणि चहूकडे फिरतो. भिंगरीच्या चित्रात उखळ नव्हतीच, पसरट ताटली होती, आणि माथा तिच्या काठावर टेकलेला. जन्मतः हे सांधे जवळपास ठीकच असतात. वाढीच्या पहिल्या काही आठवड्यांत ते सैल पडत जातात. सैल सांध्यात माथा काठावर घासतो, वरची कूर्चा झिजते. गंमत अशी की कूर्चेला स्वतःला संवेदना नसते. झीज चालू असते आणि कुणाला पत्ता नसतो. खालचं हाड उघडं पडतं, भोवतीचं आवरण सुजतं, शरीर आपल्या परीने डागडुजी म्हणून कडेला नवं हाड चढवतं आणि त्या डागडुजीनेच सांधा आखडतो. दहा महिन्यांच्या पिल्लाच्या हाडांवर ती खरखरीत किनार दिसत होती. डॉक्टरबाई म्हणाल्या, "ऑस्टिओआर्थ्रायटिस सुरू झालाय." मी म्हणाले, "पण तो म्हाताऱ्यांना होतो ना?" त्यांनी हा प्रश्न बहुधा त्याच आठवड्यात आणखी कुणाकडून ऐकला असावा.

घरी येऊन मी वाचायला बसले, आणि वाचणं म्हणजे स्वतःवर आरोपपत्र तयार करणं झालं. हा दोष बराचसा आनुवंशिक, अनेक जनुकांनी मिळून आलेला. ज्यांच्याकडून पिल्लू आणलं त्यांना आईबापांच्या खुब्यांची चित्रं काढलीत का, असं विचारायचं असतं हे मला ठाऊकच नव्हतं. मी फक्त डोळे किती गोड आहेत ते पाहिलं. मोठ्या जातीच्या पिल्लाला भराभर वाढवू नये, वरून कॅल्शियम देऊ नये. आम्ही कॅल्शियमची आख्खी बाटली संपवली होती, तीही कौतुकाने, चमच्याला मध लावून. नॉर्वेतल्या संशोधकांनी २०१२मध्ये लॅब्रॅडॉर धरून चार मोठ्या जातींच्या पिल्लांवरचं काम प्रसिद्ध केलं. त्यात पहिल्या तीन महिन्यांत जिन्यांची चढउतार करणाऱ्या पिल्लांत या दोषाचा धोका जास्त आढळला. आमच्या दुसऱ्या मजल्याच्या जिन्यावर ती पहिल्यांदा एकटी चढली तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या.

"मुळात बीज तसं असेल तर तुम्ही किती दोष घ्याल अंगावर?" डॉक्टरबाईंनी फोनवर विचारलं. मग मी तो प्रश्न विचारला जो सगळेच विचारत असणार: बरी कधी होईल? त्या म्हणाल्या, "बरी नाही होणार. सांभाळायचं."

शस्त्रक्रिया असतात. अगदी लहान वयात करायची एक असते, तिची वेळ टळून गेली होती. कृत्रिम खुबा बसवता येतो; तो विषय आम्ही बंद केलेला नाही, खर्चाकडे बघून बाजूला ठेवलाय. तोवर सांभाळायचं. मराठीत आपण पोरं सांभाळतो, घर सांभाळतो, तोल सांभाळतो, "सांभाळून जा" म्हणतो. दुखण्यालाही हेच क्रियापद लागतं, याचा मी कधी विचार केला नव्हता. पाळलेलं कुत्रं आणि सांभाळलेलं दुखणं, दोन्ही एकाच गोधडीवर झोपतात आता.

सांभाळण्यातला सगळ्यात मोठा भाग भाकरीचा. म्हणजे पोळीचा. नामदेवांची गोष्ट आपल्याकडे पोराटोरांना ठाऊक असते: कुत्र्याने पोळी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, कोरडी खाऊ नकोस म्हणत. मी भिंगरीमागे धावते ती तिच्या तोंडातली पोळी काढून घ्यायला. संतपद माझ्या नशिबी नाही. पण अमेरिकेत लॅब्रॅडॉरच्या अठ्ठेचाळीस पिल्लांच्या जोड्या लावून त्यांचा जन्मभर अभ्यास झाला; जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी खाणं. कमी खाणारी सडपातळ कुत्री सरासरी जवळजवळ दोन वर्षं जास्त जगली आणि त्यांच्या सांध्यांचं दुखणं पुष्कळ उशिरा सुरू झालं. २००२मध्ये आलेला हा निष्कर्ष मी छापून फ्रिजवर लावलाय. भिंगरीला वाचता येत नाही, तो आईसाठी आहे.

आईचं म्हणणं, तिचे डोळे बघवत नाहीत. ते डोळेही खोटे नाहीत म्हणे. लॅब्रॅडॉरमधल्या साधारण चौथ्या हिश्श्याच्या कुत्र्यांत एका जनुकाचा तुकडाच गळालेला असतो, त्यामुळे त्यांची भूक भागल्याची जाणीव अधू राहते, असं केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६मध्ये दाखवलं. भिंगरी त्यातली आहे की नाही ते तपासलेलं नाही. खालचे वॉचमनकाका मात्र तिला त्यातलीच समजून रोज चार बिस्किटं चारायचे. त्यांना नाही म्हणणं अवघड गेलं. गावापासून इतक्या लांब, दिवसभरात कुणीतरी धावत येतं तर त्याला द्यायचं काय? शेवटी मी त्यांच्याकडे काकडीच्या फोडींचा डबा ठेवला. पहिले दोन दिवस भिंगरीने त्यांच्याकडे पाहिलं ते अपमान झाल्यासारखं. आता काकडीसाठीही तितकीच लाळ गाळते. चौतीस किलोंवरून ती एकोणतीसवर आली. फासळ्या दिसू नयेत पण हाताला लागाव्यात, ही खूण. रात्री टीव्ही बघताना माझा हात आपोआप तिच्या बरगड्या मोजत असतो.

घरातल्या गुळगुळीत फरशा, ज्या आम्ही हौसेने बसवल्या होत्या, त्या तिच्यासाठी बर्फ होत्या. आता दारापासून गॅलरीपर्यंत रबरी चटयांचा रस्ता आहे, त्याला स्वयंपाकघराकडे एक फाटा. घर तालमीसारखं दिसतं. चौऱ्याहत्तर वर्षांची आई, जिच्या दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या झिजल्या आहेत, ती या रस्त्यावरून भिंतीचा आधार न घेता चालते, हे महिनाभराने आमच्या लक्षात आलं. कुणी बोललं नाही. तिच्या गुडघ्यांसाठी फरशीवर काही घालावं हे आम्हाला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं.

इमारतीच्या लिफ्टमध्ये "प्राण्यांना मज्जाव" अशी पाटी होती. प्राणी कल्याण मंडळाचं २०१५चं पत्रक दाखवून भांडता आलं असतं, मी ते छापूनही नेलं होतं. पण सेक्रेटरीकाकांच्या हाती चुकून आधी क्ष-किरण चित्र गेलं. त्यांनी ते खिडकीसमोर धरलं, बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "कुणाचं हे?" त्यांचा स्वतःचा गुडघा दोन वर्षांपूर्वी बदललेला. पाटी अजून आहे. तिच्याखाली उभी राहून भिंगरी रोज दोनदा खाली-वर करते.

औषधाचं प्रकरण मात्र मी घोळवून सांगणार नाही, कारण त्यात चूक आमची होती. आई गुडघ्यांना लावते त्या ट्यूबमधलं मलम तिने एका संध्याकाळी भिंगरीच्या खुब्यांवर चोळलं. मायेनेच. "माझं थांबतं, तिचं का थांबणार नाही?" भिंगरीने ते चाटून काढलं. रात्री उलट्या, सकाळी डांबरासारखी काळी शी. मलम डायक्लोफिनॅकचं होतं. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या-मलमांतली कित्येक कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडाला पेलत नाहीत; आयबुप्रोफेनचीही तीच कथा. दोन दिवस सलाइन लागलं. आई त्या दोन दिवसांत जेवली नाही, आणि मी तिला एक अक्षर बोलले नाही. बोलायला हवं होतं कदाचित. न बोलण्याने ती जास्त खचली.

डायक्लोफिनॅक हे नाव मला आधीपासून माहीत होतं, ते गिधाडांमुळे. गुरांना हे औषध दिलं जायचं, ती मेली की गिधाडं खायची आणि मूत्रपिंडं निकामी होऊन मरायची. २००४मध्ये हे कारण उघड झालं, तोवर आकाश रिकामं झालं होतं. २००६मध्ये आपल्याकडे जनावरांसाठी त्यावर बंदी आली आणि त्याच्या जागी गिधाडांना निर्धोक म्हणून जे औषध सुचवलं गेलं ते मेलॉक्सिकॅम. भिंगरीच्या बाटलीवर हेच नाव आहे. सकाळी जेवणावर सिरिंजने थेंब टाकताना मला फणसाडच्या जंगलातली, रायगडच्या कड्यांवरची गिधाडं आठवतात. खाल्ल्यापोटीच द्यायचं, कमीत कमी मात्रेत, आणि दर काही महिन्यांनी रक्त तपासून यकृत-मूत्रपिंड कसं आहे ते बघायचं. थंडीत रोज, उन्हाळ्यात बहुतेक वेळा सुट्टी. सोबत माशाचं तेल. निर्गुडीचा पाला, एरंडेल, हळद, सगळं सुचवून झालं लोकांचं. त्यातलं एकच मी ठेवलंय: तव्यावर वाळू तापवून फडक्यात बांधलेली पुरचुंडी. आधी माझ्या मनगटावर, मग आईच्या गुडघ्यावर, मग भिंगरीच्या खुब्यावर. एकाच वाळूने तिघींचा शेक होतो.

आणि उठाबशा. खरोखरीच्या उठाबशा. ढिल्या सांध्याला सावरून धरायला स्नायूच हवेत, आणि स्नायू झोपून होत नाहीत. म्हणून मी म्हणते बस, ती बसते, ऊठ, ती उठते, काकडी. दहा वेळा. दोन्ही पाय सारखे दुमडले पाहिजेत, एक बाजूला टाकला तर ती धरायची नाही. मग पट्टा लावून चढावर सावकाश चालणं, इतकं सावकाश की तिला प्रत्येक पायावर भार टाकावाच लागतो. महिन्यातून एकदा शिंप्याच्या टेपने मांडीचा घेर मोजते. मुलाच्या दहावीच्या गुणांनी मला झाला नसेल इतका आनंद एका सेंटिमीटरने होतो. हे त्याला सांगितलेलं नाही.

राहिला चेंडू.

हिरवा, अर्धा फाटलेला, तिच्या दातांनी मऊ झालेला. तो तिच्या आयुष्यातला सर्वांत मोठा आनंद आहे आणि तिच्या खुब्यांचा सर्वांत मोठा शत्रू. फेकलेल्या चेंडूमागे कुत्रं सरळ पळत नाही. झेपावतं, एकदम थांबतं, वळतं, उडी मारतं, आणि हे सगळं मागच्या पायांवर. धावताना दुखत नाही तिला, किंवा दुखणं आठवत नाही. सगळा मामला उधारीचा. संध्याकाळी माल घ्यायचा, वसुली पहाटे साडेपाचला. अकराचा आकडा लिहिला होता त्याच्या आदल्या दिवशी मुलाचे मित्र आले होते.

म्हणून चेंडू कपाटावर गेला. ती रोज संध्याकाळी कपाटाखाली जाऊन बसते. ओरडत नाही, पंजाने खरवडत नाही. नुसती वर बघते. माझा खरा प्रश्न हा आहे. औषध किती द्यायचं ते डॉक्टर सांगतात, पोळी किती ते वजनकाटा सांगतो. आनंद किती द्यायचा हे कुणी सांगत नाही. म्हातारं कुत्रं असतं तर मी म्हटलं असतं, राहिलेत थोडे दिवस, धावू दे. पण हिच्यापुढे अजून नऊ-दहा वर्षं आहेत, आणि ती सगळी याच दोन खुब्यांवर काढायची आहेत. आज खर्चलं तर पुढे कमी पडेल, म्हणून मी राखून ठेवते. आणि राखता राखता तिचं तरुणपण कपाटाखाली बसून सरतंय, तेही दिसतं. तिला विचारायची सोय नाही. विचारलं असतं तर तिने एका क्षणात चेंडू मागितला असता, आणि म्हणूनच तिचं उत्तर ग्राह्य धरता येत नाही. की तेच धरायला हवं?

फेब्रुवारीत केळशीला गेलो. मी, नवरा, मुलगा आणि ती. आई घरी राहिली. केळशीचा किनारा लांबलचक, ओहोटीला वाळू ओली आणि घट्ट, पाय फारसा रुतत नाही. बेत पाण्यात चालण्याचा होता. पाणी खुब्यापर्यंत आलं की पायांवर शरीराचा निम्म्याहूनही कमी भार राहतो. शहरात त्यासाठी टाक्या असतात, इथे समुद्र फुकट. पहिल्या संध्याकाळी मी सलवार गुडघ्यापर्यंत गुंडाळून तिच्या बरोबरीने चालले. लाट आली की ती तोंड वर करायची आणि पाणी ओसरलं की माझ्याकडे बघायची, हे मी केलं का, असं विचारल्यासारखं. वीस मिनिटं. मग गोड्या पाण्याने धुणं, पुसणं, शेक. सगळं नेमाने.

दुसऱ्या संध्याकाळी सुरूच्या बनातून बाहेर आलो तर किनाऱ्यावर एकही माणूस नव्हता. ओहोटी दूरवर गेली होती. मी पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि तिच्याखाली चेंडू लागला. मुलाने टाकला असेल. किंवा मीच, मला खरंच आठवत नाही, आणि आठवून बघायची इच्छाही नाही. भिंगरीने तो पाहिला. पूर्ण स्तब्ध झाली, एक पंजा हवेत.

मी पट्टा काढला आणि फेकला.

ती कशी धावली ते मला नीट सांगता येणार नाही. मागचे पाय एकत्र उचलत होती, ससाच तो, पण वाळूवर तिचं पोट जवळजवळ टेकत होतं आणि कान उलटे झाले होते. चेंडूच्या पुढे निघून गेली, थांबता येईना, वळली, घसरली, उठली. तोंडात चेंडू घेऊन परत आली नाही. तशीच पुढे, पाण्याच्या कडेकडेने, स्वतःभोवती एक गिरकी, पुन्हा एक. नवरा माझ्याकडे बघत होता. मी त्याच्याकडे बघितलं नाही. आणखी चार वेळा फेकला. पाचव्यांदा तिने तो माझ्या पायाशी ठेवला तेव्हा मी खिशात घातला.

मार्चमध्ये तपासणीला गेलो. डॉक्टरबाई नेहमीप्रमाणे कालनिर्णयची पानं समोर घेऊन बसल्या. चार, तीन, चार, पाच, तीन. बोट एका ठिकाणी थांबलं.

"हे दोन दिवस कोरे आहेत."

"केळशीला गेलो होतो. कॅलेंडर घरी होतं."

"पाण्यात चालली?"

"चालली."

त्या खाली बसल्या. भिंगरीच्या मांडीवरून हात फिरवला, खुब्यापाशी अंगठा टेकवला, हळूच पाय मागे ताणून पाहिला. भिंगरी त्यांचा कान चाटत होती.

"धावलीसुद्धा," मी म्हणाले.

त्यांनी मान वर केली नाही. "दुसऱ्या दिवशी किती?"

"चौदा."